काठीची कवायत

खडकी स्टेशनबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ मला रोज संध्याकाळी भेटतात. उभी हयात त्यांनी सैन्यात रायफली दुरुस्त केल्या. बोलतात एकाच विषयावर, तेही निकाल दिल्यासारखे. "जुनी जड होती, पण एका गोळीत माणूस थांबायचा. नवी हलकी; गोळी लागलेला चालत अंगावर येतो." कोणी वाद घातलाच, तर म्हणतात, "अहो, आपण फक्त परेड बघितलीत."

माझा नातू जवान आहे. सीमेवर निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला त्यांच्याकडे नेले. त्याच्या रायफलीविषयी ते चार बरे शब्द बोलतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी स्वतःची काठी त्याच्या हाती दिली, त्याला डोळे मिटायला लावले आणि अडकलेली गोळी काढण्याच्या हालचाली करून घेतल्या.

"हळू झालं. पुन्हा."

नातू हसला. "आजोबा, आमच्या रायफली नव्या आहेत."

"सगळ्याच कधीतरी नव्या असतात. पुन्हा."

अंधार पडेपर्यंत हेच चालले. नातू पाणी आणायला गेला, तेव्हा मी विचारले, "न अडकणारी कोणती?"

ते काठीकडे पाहत राहिले. "माझ्याकडे अडकलेल्याच यायच्या. काही आधी पुसून घ्याव्या लागत, मग उघडता येत."

काय पुसावे लागे, हे मी विचारले नाही.

घरी परतताना नातवाने विचारले, "काय म्हणाले ते?"

"तुझी रायफल चांगली आहे म्हणाले," मी सांगितले.