वादळात जोलीनच्या हाती आलेलं दुकान

आमच्या नॉर्बी गावच्या इस्पितळात जेवण चांगलं मिळतं असं सांगितलं, की बाहेरची माणसं हसतात. पण खरंच मिळतं, आणि त्याचं कारण जोलीन ब्रेकी. तिथलं सगळं स्वैपाकघर तिच्या ताब्यात आहे. ज्यांच्या घरचं कुणीही आजारी नाही असे लोक रविवारी चर्चमधून परस्पर तिथे जेवायला जाताना मी पाहतो.

मी तिला शाळेपासून ओळखतो. तेव्हा ही पोरगी कुठल्याच कामाची नाही, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. उंच, हाडकुळी आणि तोंडाने तिखट. आई लहानपणीच गेलेली, बाप टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात. पंधराव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिला तळ्याकाठच्या आइस्क्रीमच्या खिडकीत काम मिळालं. मशीनमधून येणारं आइस्क्रीम कोनावर गोल गोल चढवायचं, एवढंच. पण तिचा प्रत्येक कोन एका अंगाला कलायचा. एक बाई म्हणाली, "हे काय गं, याला चक्कर आली की काय?"

"उन्हात उभं राहून तुमची बडबड ऐकतोय तो. येणारच चक्कर," जोलीन म्हणाली. संध्याकाळच्या आत नोकरी गेली.

पुढच्या वर्षी ती तळलेल्या कोंबडीच्या दुकानात लागली. तिथल्या मालकाला ओरडल्याशिवाय बोलताच येत नसे. तेल तापलं नाही म्हणून ओरडायचा, तापलं तरी ओरडायचा. पोरं त्याला इतकी भ्यायची की चूक झाली की आधी लपवायची. जळलेले तुकडे कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी आणि वर जरा बरा दिसणारा कचरा. एकदा उकळतं तेल जोलीनच्या हातावर उडालं, मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. तिने तेही लपवलं. बाही खाली ओढून कामाची वेळ संपेपर्यंत राबली. घरी बापाने हात पाहिला आणि पुन्हा तिकडे जाऊ दिलं नाही.

मग ती आमच्याकडे आली, 'बिग एल्क'मध्ये. महामार्गाच्या फाट्यावरचं बर्गरचं दुकान. मी तिथे बटाटे तळायचो. दुकान सांभाळायच्या वर्नाबाई. ठेंगण्या, गोल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी जोलीनला विचारलं, "याआधीच्या कामांत काय शिकलीस?"

"कोन चढवायला शिकले नाही. कोंबडी लपवायला शिकले."

वर्नाबाई हसल्या नाहीत. "इथे लपवायचं नाही. चूक झाली की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'चूक झाली!' आणि लागायचं पुढच्या कामाला. ओरडायची परवानगी तेवढ्यापुरतीच."

सुरुवातीला आमच्या स्वैपाकघरात दुसरं काही ऐकूच यायचं नाही. पाव करपला, चूक झाली. कांदा विसरला, चूक झाली. तव्यावर असायचा लायल, आमच्यातला वात्रट. तो म्हणायचा, "जोलीन, तू एक पाटीच लावून घे ना गळ्यात, घसा तरी वाचेल." पण हळूहळू तिचा आवाज कमी कमी येऊ लागला. एका नजरेत खिडकीबाहेर थांबलेल्या चार गाड्यांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवायला ती शिकली. गिऱ्हाईक चिडलं की उलट बोलण्याआधी खिडकीची काच पुसून घ्यायची, अशी सवय तिने स्वतःच लावून घेतली. आमच्या दुकानाची काच तेव्हा फार स्वच्छ असायची! पुढच्या हिवाळ्यात वर्नाबाईंनी तिच्या हातात किल्ल्या दिल्या. त्या नसताना दुकान तिच्या भरवशावर.

जानेवारीतल्या एका शनिवारी वर्नाबाई गावात बहिणीकडे गेल्या होत्या. सकाळी आभाळ निरभ्र होतं. दुपारी बर्फाचं वादळ सुटलं आणि बघता बघता समोरचा पेट्रोल पंप दिसेनासा झाला. पोलिसांनी महामार्ग बंद केला आणि सगळ्या गाड्या आमच्या फाट्यावर उतरवल्या. दुकान माणसांनी भरून गेलं. मुलंबाळं घेतलेली कुटुंबं, म्हातारी जोडपी, ट्रकवाले, हॉकीच्या सामन्याला निघालेला शाळकरी मुलींचा संघ. आणि सांभाळायला कोण, तर जोलीन, लायल आणि मी. तिघंही सतरा वर्षांचे.

जोलीनने वर्नाबाईंना फोन लावला. मी शेजारीच होतो. "तुम्ही असता तर काय केलं असतं?" तिने विचारलं.

पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं. "मी तिथे नाही. तू आहेस. तुला काय दिसतंय ते सांग."

जोलीनने दिसेल ते सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज थाऱ्यावर आला. फोन ठेवून ती काउंटरवर चढली आणि म्हणाली, "रस्ता उद्यापर्यंत उघडत नाही. खायला आहे, पण जपून वापरायचंय. आधी पोरं आणि म्हातारी माणसं. मग बाकीचे. मग आम्ही."

एक कोटवाला गृहस्थ पुढे आला. "मी जास्त पैसे देतो. मला आत्ता दोन बर्गर हवेत."

जोलीनने काउंटरवरचं फडकं उचललं, काउंटर पुसला, आणि मग म्हणाली, "साहेब, रांग तिकडून सुरू होते. आणि तुमची उंची चांगली आहे, तेवढी वरच्या फळीवरची कागदाची भांडी काढून देता?" तो बिचारा गोंधळला आणि त्याने खरंच काढून दिली.

इथून तिला जणू चावी सापडली. रिकामी बसलेली माणसं घाबरतात आणि भांडतात, हे तिच्या लक्षात आलं. तिने हॉकीच्या मुलींना टेबलं पुसायला लावलं, एका आजीबाईंना लहान पोरांना गोष्टी सांगायला बसवलं. ओरिन नावाचा एक ट्रकवाला मात्र ऐकेना. त्याची बायको फार्गो शहरातल्या इस्पितळात बाळंतपणासाठी दाखल होती. तो दाराशी जाऊन कोटाची बटणं लावू लागला.

"मी चालत जातो."

"काका, तुम्ही गेलात तर तुम्हाला शोधायला कुणीतरी निघेल," जोलीन म्हणाली. "मग त्याला शोधायला आणखी कुणीतरी. असं करू नका."

"तुला काय कळतंय गं? तू एक बर्गरवाली पोरगी!"

"हो, आहेच. फोनसुद्धा या बर्गरवालीकडेच आहे. पहिला तुमचा. मग दाराबाहेरचं बर्फ उपसा, नाहीतर दार उघडायचं नाही. उपसून झालं की पुन्हा फोन."

तो आधी फोनवर बोलला. मग त्याने फावडं घेतलं. दर थोड्या वेळाने तो बर्फाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी आत यायचा, फोनवर बोलायचा आणि पुन्हा बाहेर जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाव संपले. आमची कुणाचीच झोप झाली नव्हती. उरलेल्या मांसाच्या टिक्क्या बटाट्यांबरोबर शिजवून सगळ्यांना पुरेल असं काहीतरी करायचं ठरलं. तेवढ्यात लायलच्या हातून मोठं पातेलं कलंडलं. निम्मं जेवण जमिनीवर. जोलीन त्याच्यावर अशी ओरडली, की बाहेर पोरं रडायची थांबली. "अक्कल आहे का तुला? डोळे कुठे गेले होते?" लायल, ज्याला कधी कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, तो खाली बसला आणि हातांनी ते गोळा करू लागला. गरम रस्सा सांडून त्याची बोटं लाल झाली होती आणि तो ती पाठीमागे लपवत होता.

जोलीनने ते पाहिलं. तिचा चेहरा पडला. तिने त्याचा हात धरून गार पाण्याच्या नळाखाली नेला आणि स्वैपाकघरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक झाली!"

"माझी," लायल पुटपुटला.

"पातेल्याची तुझी. ओरडण्याची माझी."

लायलने बोटं पाण्याखाली फिरवली. मग म्हणाला, "तुझी मोठी आहे हां. माझी पुसता तरी येते." आणि ती दोघं नळापाशी वेड्यासारखी हसत सुटली. उरलेल्या निम्म्यात आम्ही गाजरं आणि टोमॅटोचा सॉस घालून ते वाढवलं. चव बरी नव्हती. कुणीही तक्रार केली नाही.

दुपारी ओरिनचा फोन झाला आणि तो तसाच भिंतीला पाठ लावून खाली बसला. मुलगी झाली होती. कोटवाल्या गृहस्थाने सर्वात आधी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात बर्फ काढणारी गाडी पोचली आणि तिच्यातून, चालकाच्या शेजारून, वर्नाबाई उतरल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. टेबलं स्वच्छ होती, पोरं झोपली होती, तवा घासलेला होता.

"तळणीचं तेल गाळलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही, राहिलं," जोलीन म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. वर्नाबाईंनी तिला हवं तेवढं रडू दिलं आणि मग तेल स्वतः गाळलं.

त्या वसंतात जोलीनने कॉलेजचा अर्ज भरला. शाळेतल्या कुणालाच ते खरं वाटेना. स्वैपाक आणि व्यवस्थापन शिकायला ती दोन वर्षं फार्गोला राहिली, तिथेही बर्गरच्याच दुकानात संध्याकाळी काम करत. परत आली ती इस्पितळात. आज तिच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. तोंड अजून तिखट आहे, पण तिच्याकडचं माणूस सहसा काम सोडून जात नाही.

या शरदात ती फार्गोच्याच कॉलेजात शिकवायला जाणार आहे, आठवड्यातून एक दिवस. परवा भेटली तेव्हा घाबरली होती. "अरे, त्या पोरांसमोर उभी राहून मी काय बोलू?"

"काय ठरवलंयस?"

"पहिल्या तासाला सगळ्यांबरोबर भांडी घासणार आहे," ती म्हणाली. "तोवर नावं तरी कळतील एकमेकांची."