मालकाच्या नंबराखाली

“आधी मालकाचा नंबर टाक. गडी मालकाशिवाय सापडेल कसा?”

चेअरमनसाहेबांचा पुतण्या मला म्हणाला, आणि सगळी कमिटी हसली. दाराशी आंब्याच्या पेट्या उतरवून उभे असलेले माझे बाबाही हसले. शोध त्यांचाच चालला होता, हे त्यांना कळलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साल असेल. रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांच्या सोसायटीत कॉम्प्युटर आला आणि घरातला पहिला पदवीधर मी, त्यावर माहिती भरायला लागलो. नोकरी चेअरमनसाहेबांनी दिलेली. ते उपकार मी मानत होतो. प्रोग्रॅम त्यांच्या या पुतण्याने पुण्याहून आणला होता. रिलेशनल आहे, म्हणजे माहितीचे तक्ते वेगळे पण एकमेकांशी जोडलेले, असं तो येईल त्याला सांगे.

त्या दिवशी कमिटीसमोर तो मला म्हणाला, “तुझ्या बापालाच शोधून दाखव.” मी बाबांचं नाव टाकलं. मशीनने मालकाचा नंबर मागितला. “मशीनलापण रीत ठाऊक आहे हो,” एक मेंबर बोलले.

मी नंबर टाकला. मालकाची कलमं आली, फवारणीचे पंप आले, त्यांच्याखाली बाबा.

बाबा राखण करत ती बाग नुकतीच विकली गेली होती. जुना मालक यादीतून कसा काढायचा तेही पुतण्याने लगेच दाखवलं. एक बटण. मालक गेला. पंप गेले. बाबाही गेले. तीस वर्षं त्या बागेत राबलेला माणूस दारात उभा होता, आणि सोसायटीच्या लेखी तो कुठेच नव्हता.

“नवा मालक घालील की परत,” पुतण्या म्हणाला.

शरमेने मला मागे वळून बघवेना. पण तोंड उघडलं. कॉलेजच्या सरांनी दिलेलं पुस्तक मी वाचलं होतं. म्हणालो, नुसत्या रांगा आखल्या म्हणून हे रिलेशनल होत नाही. गड्यांचा तक्ता वेगळा हवा. प्रत्येकाला स्वतःचा नंबर हवा. त्या नंबरावर तो थेट सापडला पाहिजे, कोणाच्या दारातून जावं लागता कामा नये. मालकाशी नातं नुसतं नोंदवायचं. ते तुटलं तर नातं जाईल, माणूस जाणार नाही.

कोणी हसलं नाही. चेअरमनसाहेबांनी शांतपणे विचारलं, “तुला इथे कोणी बसवलं?”

“तुम्ही,” मी म्हणालो आणि नोकरी तिथेच सोडून खुर्चीवरून उठलो.

घरी जाताना वाटेत बाबा म्हणाले, “सगळी हसली म्हणून मीपण हसलो रे. काय झालं होतं?”

“काही नाही,” म्हणून मी पुढे चालू लागलो. त्यांच्या त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, पण ती त्यांची नव्हे. ती त्या खोलीची आहे.

पुढे बऱ्याच कचेऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिले. काम घेताना पहिली अट घालतो: राबणाऱ्याची नोंद कोणाच्या नोंदीच्या पोटात ठेवणार नाही. मान्य नसेल तर दुसरा माणूस बघा.