तळ्याचा व्हॉल्व्ह

सौदीतल्या दम्मामबाहेरचं आमचं तळं म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटमधून शुद्ध करून सोडलेलं पाणी. त्या प्लांटचा ऑपरेटर मी. शुक्रवारी सुट्टी असूनही पुन्हा तिथेच जायचो, कारण कॅम्पच्या खोलीत नुसतं पडून राहायचाही कंटाळा आला होता. काठावर बसून लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी बघायचो.

फेब्रुवारीच्या शेवटी सुपरवायझर म्हणाला, हे पाणी आता रस्त्याकडेच्या झाडांना जाणार, तळ्याचा व्हॉल्व्ह बंद कर. मी केला. वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि घातला असता तरी माझं ऐकतंय कोण!

पुढच्या शुक्रवारी पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता आणि पक्ष्यांची ही झुंबड उडाली होती. उथळ पाण्यात किडे आयते मिळत होते. शेजारी एक जोडपं दुर्बीण घेऊन मराठीत बोलत उभं होतं. मी शेकाट्याचं नाव सांगितलं, तशी बाई खूश झाल्या.

"काका, दरवर्षी एवढे पक्षी येतात?"

"नाही. यंदाच."

"नशीबच आमचं! पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, त्यांना घेऊन येऊ."

पुढच्या महिन्यात इथे भेगाळलेली जमीन असणार होती. ते सांगायचं, तर व्हॉल्व्हपासून सगळंच सांगावं लागलं असतं.

"आणा की," मी म्हणालो.