ओढ्याचा गाळ

प्रयोगशाळेच्या खिडकीत आमच्या ओढ्याच्या गाळाची बाटली आहे. फटाक्यांच्या कारखान्यातून झिरपलेला परक्लोरेट नावाचा विषारी क्षार त्या गाळातल्या जिवाणूंनी फोडून संपवला. घरातली पहिली पदवीधर मी. अभिमानानं आईला फोन केला.

“गुणाचे गं किडे! म्हणजे आता विहीर चांगली?”

“फक्त बाटलीतला संपलाय, आई.”

विहिरीतही तो आहे, हे मला कधीचं ठाऊक होतं. विष समोर आलं की जिवाणू कामाला लागतात. मी विहिरीच्या पाण्याच्या अधिकृत अहवालाची वाट बघत बसले. गावी जाताना मात्र स्वतःचं पाणी नेत होते. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, “शिकलीय ना, तिला आपलं पाणी बाधतं.”

शेवटी मी म्हणाले, “आई, ते पाणी पिऊ नकोस.”

“बरं,” ती म्हणाली. “कधीपासून माहीत होतं तुला?”