नाव पेशंटनेच सांगायचं

"सांगू नका, करून दाखवा," असं म्हणत आमच्या मॅडम चष्मा नाकावर ढकलायच्या आणि समोरच्याला थेट वॉर्डात घेऊन जायच्या. खुर्चीत बसून दिलेल्या जबाबावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बसलेला माणूस शहाण्यासारखं बोलतो, उभा केला की खरं ते करतो, असं त्यांचं मत.

बिबवेवाडीतल्या त्या हॉस्पिटलात मी कम्प्युटरवर अहवाल टाइप करायला लागलो, तेव्हा हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या. आयटीवाले पेशंट येऊ लागले तशी आमच्या हॉस्पिटललाही 'क्वालिटी' हवीशी वाटू लागली. उपचारात काही चूक झाली, तर ती कशी झाली हे शोधायला नवं खातं निघालं आणि तिथे आमच्या जुन्या मेट्रनबाईंना बसवलं, टिपणं घ्यायला मला सोबत दिलं. त्याच या मॅडम. त्या जिन्यात दिसल्या की सर्जन मंडळींना अचानक ओपीडी आठवायची. पाठीमागे सगळे त्यांना 'पोलिसीण' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"पोलीस 'कोणी' विचारतात, मी 'कसं' विचारते," त्या म्हणायच्या. "म्हणून तर मला कोणी घाबरून चहा पाजत नाही."

तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल, ज्याच्यापुढे खोटं बोलायच्या आधीच आपण दमतो. कॅन्टीनमध्ये माझा चहा सांडला तरी विचारणार, "कप कुठे ठेवला होतास? दाखव." मी हसायचो. बापूरावांच्या प्रकरणानंतर मात्र ते हसू राहिलं नाही.

बापूराव कात्रजच्या घाटापलीकडचे म्हातारे गृहस्थ, तापाने ग्लानीत असलेले. शेजारच्या खोलीत एक बाबूराव होते. आडनावही एकच. बाबूरावांचं इंजेक्शन बापूरावांना दिलं गेलं. त्यांना ते औषध चालणारं नव्हतं. संध्याकाळच्या आत ते गेले.

त्यांचा मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत होता. "मॅडम, मला एक्स्प्लनेशन नकोय. आय वॉन्ट द नेम. कोणी केलं?"

"नाव मिळेल. आधी कसं झालं ते बघू," मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या आईकडे वळल्या. "मावशी, तेव्हा तुम्हीच जवळ होतात ना? समजा, मी सिस्टर आहे. तुम्ही तशाच उभ्या राहा."

रिकाम्या कॉटशेजारी मावशी उभ्या राहिल्या. मॅडमनी ट्रे हातात घेतला.

"पेशंटचं नाव काय?"

मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ह्यांचं व्हय? आता म्या कसं सांगू?"

मॅडमनी कागदावरून वाचलं, "बाबूराव ना?"

मावशींनी खाली बघत मान हलवली.

"आई!" मुलगा ओरडला. "अगं, बाबूराव नाही!"

नवऱ्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडी येतंय म्हटल्यावर त्या लाजून आधीच होकार देत होत्या, अक्षरं त्यांच्या कानात शिरतच नव्हती. मुलाला नाव हवं होतं आणि 'कसं'ची वाट त्याच्याच आईपर्यंत आली होती. मॅडमनी आता काहीतरी बोलून हे झाकावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"म्हंजी म्या मान हलवली म्हून हे गेलं?" मावशींनी विचारलं.

"मान तुम्ही हलवलीत, हे खरं आहे." मॅडमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पण मान हलली म्हणून इंजेक्शन टोचणारं हॉस्पिटल आमचं आहे, मावशी. विचारायची पद्धत आमची चुकली." मग मुलाला म्हणाल्या, "तुम्हाला नाव हवं होतं. हॉस्पिटलचं लिहा."

मुलगा आईला धरून रडू लागला. मावशी रडल्या नाहीत. निघताना दारात थांबल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं व्हतं, तेवढंच," म्हणाल्या. आणि मग कोणाला तरी हाक मारावी तशा मोठ्याने म्हणाल्या, "बापूराव!" ओ येईल अशी थोडा वेळ वाट पाहिली आणि गेल्या.

त्यानंतर मॅडमनी नियम केला. सिस्टरने नाव वाचून दाखवायचं नाही. शुद्धीवर असेल तर पेशंटनेच, नाहीतर नातेवाइकाने ते तोंडाने सांगायचं. जुळलं नाही तर औषध नाही. नियम लागू झाला, पण मॅडम काही त्या प्रकरणातून सुटल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये चालता चालता थबकायच्या.

"कोणी बापूराव म्हणालं का रे?"

"पुण्यात कोणी ना कोणी म्हणतच असणार, मॅडम."

असल्या उत्तराला पूर्वी टोला आला असता. आता त्या नुसत्या ऐकत उभ्या राहायच्या. बापूरावांच्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून लांबच्या जिन्याने फिरून जायच्या. मला त्यांची फार काळजी वाटायची, पण तसं त्यांना म्हणायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या आमच्याकडेच न्यूमोनियाने दाखल झाल्या. त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. एका सकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. नवी सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. तिने मॅडमना ओळखलं नाही.

"आजी, आपलं नाव सांगा."

"बापूराव," मॅडम म्हणाल्या.

सिस्टरने त्यांच्या मनगटावरची पट्टी पाहिली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

"सिस्टर, मी ओळखतो यांना," मी म्हणालो. "तापामुळे बोलतायत. द्या तुम्ही."

"सॉरी सर, नाव जुळत नाही. मोठ्या सिस्टरना बोलावते." ट्रे तसाच घेऊन ती परत फिरली.

मॅडमनी डोळे उघडून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं.

"पोरगी शहाणी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ही तेव्हा हवी होती रे."