लोणच्याच्या बरणीतली वाइन

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी चष्मा शोधायला उठायचो, आणि चष्मा बहुतेक वेळा नाकावरच असायचा. आमच्या गल्लीत आजही असं मानतात की एका उन्हाळ्यात माझ्या बायकोचा हात गेला. हात मोडला वगैरे नाही. लोणचं घालायचा हात गेला. तो गेला नव्हता. हे मला माहीत होतं आणि शेजारच्या माझ्या मित्राला माहीत होतं. मित्र माझ्यामुळे गप्प बसला, म्हणून त्याला यात धरू नये.

सुरुवात नाशिकला झाली. लेक तिथे असते. जावयाने एकदा मला द्राक्षांच्या मळ्यात वाइन चाखायला नेलं. मी खामगावच्या कापूस खरेदीत जन्मभर ग्रेडर होतो. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी, ओल, कचरा पाहायचा आणि प्रत सांगायची. ट्रॅक्टरच्या रांगा माझ्या चिमटीपाशी थांबत. त्यामुळे वाइनच्या पेल्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला काही धास्ती वाटली नाही. माहिती देणाऱ्या मुलीने पेला गोल फिरवून वास घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "काय आठवतंय?" कुणी म्हणालं स्ट्रॉबेरी, कुणी व्हॅनिला. माझी पाळी आली. मला जे आलं ते मी सांगितलं, "सरकीची ढेप."

"ढेप म्हणजे काय काका?"

"म्हशीला घालतात."

ती मुलगी पुढच्या पेल्याकडे वळली. जावई पेल्यात बघत राहिला. परतीच्या गाडीत मी ठरवलं की हे शिकायचंच.

शेजारचा मित्र एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ढेपीचा वास आला त आला. त्यात लाजाचं काय हाय बे?" पण त्यालाही दुपारी काही काम नव्हतं. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ पाहून अभ्यास सुरू केला. नाक आधी तयार करायचं असतं असं कळलं. मग दुपारी ओसरीवर बसून एकाने डोळ्यांना गमछा बांधायचा आणि दुसऱ्याने नाकाखाली वाट्या धरायच्या. मेथी, बडीशेप, जवस, चिंच, भाजलेली तूर, जुनं पुस्तक, मित्राची चप्पल. बायको दारातून बघत असायची.

"काय चालू हाय?"

"वास ओळखतोय."

"हे काय हाय मंग?"

"धने."

"शाब्बास. आता दळून आना."

तिला खरं कारण सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात दारू हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलताना वापरत, आणि वाइन ही दारू नाही हे तिला पटवून देईल असा माणूस मला खामगावात दिसत नव्हता.

आता बरणीविषयी सांगायला हवं. माझ्या आईची, चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी, कडेवर घेतलेल्या पोराएवढी मोठी. बायको दर वर्षी तीत कैरीचं लोणचं घाली. पण तिचं लोणचं आमच्या घरापुरतं नव्हतं. गल्लीतल्या बाया आपापल्या कैरीच्या फोडी परातीत घेऊन आमच्या अंगणात येत. मीठ, मोहरी, मेथी, हिंग, तिखट त्यांचंच. कालवायचा हात मात्र माझ्या बायकोचा. तिने कालवलेलं नासत नाही, अशी सगळ्यांची खात्री. जानेफळची तिची बहीणसुद्धा फोडी डब्यात भरून पाठवायची. बायको कालवत असताना अंगणात कुणी मोठ्याने बोलत नसे. मी कापसाची प्रत सांगायचो तेव्हा शेतकरी माझ्याशी भांडत. तिच्याशी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

त्या साली लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ती नाशिकला निघाली. उन्हाळा लागत होता. जाण्याआधी तिने बरणी धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली, निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरली आणि धुरी दिली. मग तोंडाला फडकं बांधून ठेवली. "आल्यावर थेट लोणचंच भरीन," ती म्हणाली. "तिले पाणी लागू देऊ नका."

ती गेली आणि बाजारात काळी द्राक्षं स्वस्त झाली.

व्हिडिओतला माणूस सांगत होता की भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं हवं, स्टीलचं नको. आमच्या घरात तेवढं मोठं भांडं एकच होतं. मित्राने ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"वहिनीची बरनी? तुले जीव जड झाला काय बे?"

"धुऊन ठेवू. तिला कळणारही नाही."

"मले त आत्ताच कळून राह्यलं."

पण मदतीला तोच होता. हिंगाचा वास वाइनमध्ये उतरू नये म्हणून मी बरणी गरम पाण्याने आणि लिंबाने घासली. द्राक्षं आम्ही परातीत हाताने चुरडली. पायाने तुडवायची त्याची सूचना त्याचे पाय पाहून मी फेटाळली. वाइनचं खास यीस्ट कुठे मिळेना, तेव्हा बेकरीवाल्याकडून पावाचं आणलं. त्याने विचारलं, "किती पाव करता?" मी म्हटलं, "एकच, पण मोठा."

दुसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. फडक्याखालून बुडबुड, फसफस. मित्र कान लावून म्हणाला, "आत कोनीतरी हाय." एप्रिलचं ऊन, आणि व्हिडिओतला माणूस म्हणे थंडाव्यात ठेवा. मी बरणीभोवती ओलं पोतं गुंडाळलं आणि तिला कूलरसमोर ठेवलं. घरात कूलर एकच. मी स्वयंपाकघरात टेबलफॅनखाली घामाने भिजत पडायचो आणि बरणी बैठकीत गार वारा खायची. माझ्या सासऱ्यांना मी कधी एवढी बडदास्त दिली नव्हती.

थोड्या दिवसांनी आम्ही गाळून चव घेतली. चहाच्या काचेच्या ग्लासात, पद्धतशीर. रंग पाहिला, फिरवली, वास घेतला. मित्राने डोळे मिटले.

"पह्यले केळं. पिकून काळं पडलेलं."

"बरोबर."

"मंग बेकरीचं मागचं दार. सकाळच्यापारी उघडते ते."

यीस्ट पावाचं होतं. मी मान डोलावली.

"मंग… थांब…" त्याने घोट तोंडात घोळवला. "हिंग."

एवढं घासूनही हिंग उरला होता. मित्र म्हणाला, अशी वाइन जगात दुसरीकडे कुठे होत नसेल. चाखणारे घोट थुंकून टाकतात असं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "थुकाचं? मंग पेते कोन?" तरी शिस्त म्हणून आम्ही पहिले काही घोट कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकलो. कढीपत्ता त्या वर्षी फार माजला.

ती वाइन वाईट होती, हे मी आज मान्य करतो. पण आम्ही शिकलो मात्र खरं. घोट घाईने गिळायचा नाही. आंबटपणा गालाच्या आतून लागतो, तुरटपणा हिरड्यांवर बसतो, आणि घोट गेल्यावर मागे काय राहतं त्याकडे लक्ष द्यायचं. मागे जे राहतं ते खोटं बोलत नाही. आमच्या वाइनच्या मागे काळं केळं आणि बेकरीचं मागचं दार राहायचं. तो वास मी डोळे बांधून हजारात ओळखला असता.

एका दुपारी गाडीतून बायकोचा फोन आला. "मलकापूर गेलं. जलंब टेसनावर घ्याले या." ती आणखी आठवड्याने येणार होती, बाळाची आत्या आली म्हणून ती लवकर निघाली होती.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात आम्ही दोघं म्हातारे जेवढे पळालो तेवढे तरुणपणीही पळालो नसू. वाइन मित्राच्या घरच्या बाटल्यांत ओतली. बरणीत दोन लोटे पाणी फिरवलं. तळाशी जांभळा गाळ चिकटला होता, तो मित्राने आपल्या बनियनने पुसला. उन्हात ठेवायला वेळ नव्हता. फडकं घाईघाईत पिळून वाळवलं, म्हणजे कूलरसमोर धरलं, आणि परत बांधलं. गाठ तिच्यासारखी जमेपर्यंत मित्राने चार वेळा सोडून बांधली.

घरात पाऊल ठेवताच तिने विचारलं, "बरनीले हात नाही ना लावला?"

"कशाला लावू?" मी म्हणालो.

ते दोन शब्द एवढे सहज निघाले की मलाच नवल वाटलं. पुढे एक दिवस ती देवळात गेली की बरणी उन्हात ठेवायची असं मी ठरवलं होतं. पण नाशिकहून आलेली ती नातवाच्या गोष्टी सांगत घरीच बसली.

मेच्या शेवटी बाया फोडी घेऊन आल्या. बायकोने सगळ्यांचं कालवलं, शेवटी आपलं. त्यांनी आपापल्या बरण्या भरल्या, तिने आपली भरली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. बरणीत पहिली मूठ पडली तेव्हा बोलायला हवं होतं. मी पान उलटलं.

आषाढात तिने मला हाक मारली. बरणीचं फडकं टोपीसारखं फुगलं होतं. सोडलं तर वर फेस, आणि फोडी पिळपिळीत. एवढ्या वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं. ती बरणी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तुम्ही वास घेऊन पाहा. तुमाले कयते."

माझ्या नाकाला आयुष्यात मिळालेला हा पहिला मान. मी वाकलो. मोहरी, मेथी, आणि त्यांच्या मागे अगदी स्पष्ट, काळं केळं. मग बेकरीचं मागचं दार.

"उन्हानं असेल," मी म्हणालो.

तिने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, पदराला पुसला, आणि म्हणाली, "हात गेला माह्या."

शेजारची, म्हणजे मित्राची बायको, आली. तिने सांगितलं, "बाई, माह्यं त सोन्यावानी हाय. सगळ्यायचं चांगलं हाय." मला वाटलं सुटलो, आता बायको हाताला नाही, बरणीला दोष देईल. मीही घाईने म्हणालो, "बरणीलाच तडा गेला असेल." बायकोने बरणी रिकामी केली, धुतली, उचलून बोटाने वाजवली. टणटणीत वाजली. "बरनीले काऊन बोल लावता? तुमच्या आईची बरनी हाय." बरणी निर्दोष सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात बाया पराती घेऊन आल्या तेव्हा तिने दारातूनच हात जोडले. "मागच्या साली माह्यं नासलं. यंदा तुमचं नासलं त मी तोंड कोठी दाखवू? आपापलं कालवा बायांनो." त्यांनी आग्रह केला. तिने ऐकलं नाही. त्या अंगणात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि भरल्या पराती घेऊन परत गेल्या. आमच्या घरी बाजारचं लोणचं आलं, पिशवीतलं. जेवताना तिने एक फोड खाल्ली आणि म्हणाली, "बरं हाय." मी माझ्या ताटातली फोड भाताखाली ढकलली.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. संग्रामपूरला लग्नाला जाताना एसटीत धीर करून म्हणालो, "ऐक, मला एक सांगायचंय." तिने पिशवीतून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. दुसऱ्यांदा घरातच, समोर बसवून म्हणालो, "माझ्याकडून एक चूक झालीय."

"बीपीची गोळी नाही घेतली?"

"ते नाही."

"घेतली का नाही घेतली?"

नव्हती घेतली. तिने गोळी आणि पाणी आणून दिलं, मी गिळली, आणि ती म्हणाली, "इतकं तोंड पाडाले काय झालं? होते विसर मानसाले." मित्र मात्र भेटला की टोचायचा. "सांगितलं काय बे?" मी म्हणायचो, दिवाळीनंतर. अशा बऱ्याच दिवाळ्या झाल्या. वाइन मी परत कधी केली नाही. आमची ती केव्हाच संपली होती. दोन बाटल्या तर मित्राच्या कपाटात आपोआप फुटल्या आणि त्याच्या बायकोचं लग्नातलं लुगडं जांभळं झालं. त्याने ते रेशनच्या निळ्या रॉकेलवर ढकललं.

मागच्या हिवाळ्यात बायको गेली. फार दिवस आजारी नव्हती. तेरवीच्या दिवशी शेजारीण माझ्या ताटाशी वाकली आणि एक फोड वाढली. काळी पडलेली, तेलात मुरलेली. "त्याच सालचं हाय," ती म्हणाली. "बाईनं शेवटचं कालवलं होतं ते. मी थोडं राखून ठेवलं होतं. हात होता तिचा."

समोरच्या पंगतीत मित्र बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी फोड तोंडात ठेवली आणि घाई केली नाही. आधी मीठ, मग मोहरीचा झणका, मेथीचा कडवटपणा, गालाच्या आत कैरी. फोड गिळल्यावर मागे हिंग राहिला, स्वच्छ, एकटा. ते लोणचं अजून कितीही वर्षं टिकलं असतं.

तिला सांगायचं वाक्य मी एसटीत, ओसरीवर, मोरीत तोंड धुताना किती वेळा जुळवलं असेल. ते लांब नव्हतंच. बरणी मी घेतली होती, तुझा हात गेला नव्हता, मला माफ कर.