कानातला कापूस

कानांतले कापसाचे बोळे काढून तो आधी शर्टाच्या खिशात ठेवायचा. मग खिशावर हलकी थाप मारून म्हणायचा, "हां, आता ऐकवा."

धामणकर नाक्याजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता. बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. दिवसभर त्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असेल, असं तुम्हाला वाटेल. याला बेंजो वाजवायचा असायचा. समोरच्या माडीवर माझा टायपिंगचा क्लास होता. एकदा दारात उभा राहून त्याने माझी बोटं बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, एवरी बोटं चालतान, तर कॅसिओ पन येल."

कॅसिओचा कीबोर्ड वाजवता यायला मला चार महिने लागले. ते चारही महिने त्याने हसत सोसले.

शेजारच्या सूतवाल्या शेठचा भाचा लंडनहून आला होता. त्याच्याकडे चार गोऱ्या पोरांच्या बँडची एक कॅसेट होती. कुणाची नक्कल नाही, सगळी गाणी स्वतःची. शब्द मलाही धड कळत नव्हते, पण हा रोज ती कॅसेट ऐकायला जायचा.

"एकच कॅसेट काढली त्यांनी. दोन सालात फुटले," भाचा म्हणाला.

"फुटूं दे," हा म्हणाला. "गानी तं त्यांचीच व्हती ना?"

तिथून आमची चौघांची बेंजो पार्टी निघाली. तो बेंजोवर, मी कॅसिओवर, शिवाय एक ढोलकीवाला आणि एक ड्रमवाला. हळदीत, लग्नात वाजवायचं, पण फिल्मी चाल एकही नाही. सगळ्या चाली त्याने बांधलेल्या. "उसनी न्हाय वाजवाची. ही आपली हाय," हे त्याचं पालुपद. नाक्यावर लोक विचारायचे, "काय लंडनची पार्टी, आज कुठं?" तो खूश व्हायचा. टोमणा त्याला कळत नव्हता की कळूनही आवडत होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याला घाई का होती, ते मला उशिरा समजलं. लूमवर राहिलास तर कान जातील, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. लूम सोडून खाणार काय? "कान हायेत तवर माझे चालीव मांडव नाचलेला ऐकाचा हाय, मास्तर. येकदाच."

आणि काल्हेरची ती हळद आली. आम्ही त्याच्या दोन चाली वाजवल्या. लोक हाताची घडी घालून उभे. "आरं, हलद हाय का मयत?" कुणीतरी ओरडलं. नवरीचा बाप माझ्याजवळ आला. अगदी हात जोडून म्हणाला, "मास्तर, पोरीची हलद हाय. नाचवा ना जरा."

मी गांगरलो. माझ्या बोटांनी त्या वर्षी गाजत असलेलं फिल्मी गाणं धरलं. ढोलकी आणि ड्रम लगेच माझ्यामागे आले. मांडव उसळला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खिशातले बोळे काढून कानांत घातले आणि स्वतःचीच चाल वाजवत राहिला. त्या गदारोळात ती कुणालाही ऐकू गेली नाही. मला थांबता आलं असतं. पण लोक माझ्या वाजवण्यावर नाचत होते आणि मला ते आवडत होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

भांडण झालं नाही. "तुमची चूक न्हाय, मास्तर. लोकं नाचली ना?" एवढंच तो म्हणाला. त्या हंगामानंतर मात्र पार्टी उरली नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि तो काल्हेरच्या एका गोदामावर वॉचमन झाला.

आठ-दहा वर्षांनी त्याचा निरोप आला, कॅसिओ घेऊन या. गेलो. त्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मला पाहताच त्याने कानांतले बोळे काढले, खिशात ठेवले, थाप मारली. "हां, आता ऐकवा. आपली चाल." आणि कॅसिओच्या अंगावर तळहात टेकवून बसला.

मी सुरुवात केली. पहिल्या चार सुरांपुढे काही आठवेना. बोटं आपोआप त्या हळदीतल्या फिल्मी गाण्यावर गेली. थांबायचा धीर याही वेळी झाला नाही. मी ते शेवटपर्यंत वाजवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. त्या दुपारी मात्र डोळे मिटून, तळहात न उचलता तो मान डोलवत होता.

"हीच," तो म्हणाला. "ही आपली हाय."